पावणेदोन वेढे

घणसोलीच्या घरोंद्यात आमची खोली दहा बाय बारा.
कपाट उघडायचं तर पलंग सरकवावा लागतो,
पलंग सरकला की मोरीचं दार अडतं.
म्हणून आधी सगळ्यांच्या आंघोळी,
मग कपाट.
हे वेळापत्रक आईला कुणी शिकवलं नव्हतं.

खारघरला, डोंगराकडच्या प्रयोगशाळेत
मी यीस्ट वाढवते. पावातलंच, आंबूस वासाचं.
त्याच्या एकेका पेशीत चार मिलिमीटर दोरा,
रिळांवर गुंडाळलेला,
दर रिळाला पावणेदोन वेढे.
साखर फोडायची कृती त्या दोऱ्यावर लिहिलेली असते,
पण नेमकं पहिल्या ओळीपाशी
एक रीळ बसलेलं, ऐसपैस, पाहुण्यासारखं.
त्याला हलवायला यंत्र आहे, प्रथिनांचं, धटिंगण,
दर रेट्याला इंधन जाळणारं.
ते रीळ ढकलतं. ओळ उघडी पडते. पेशी जेवते.

मी ते यंत्रच काढून टाकलं.
प्रबंधाचं तिसरं प्रकरण.
बशीत साखर घातली, उसाची, भरपूर,
आणि तीस अंशांवर ठेवून दिली.
दोन दिवसांनी शेजारच्या बशीत दाट साय,
माझ्या बशीत काहीच नाही.
ऑटोक्लेव्हवाले कमळाकर भोईर वाकून म्हणाले,
"कृती हरवली का हिची?"
नाही काका. आहे की. अक्षर न अक्षर.

त्याच आठवड्यात वाशीला आईचा गुडघा बदलला.
पलंग होता तिथेच राहिला.
कपाटात सगळं होतं:
तिची इरकल, विम्याचे कागद, माझी मार्कशीट.
आम्ही दोरीवरचेच कपडे घालत होतो.
भाऊ रोज म्हणायचा, उद्या सरकवतो.

सहाव्या दिवशी बशीत एक ठिपका.
टाचणीच्या डोक्याएवढा.
आधी वाटलं, घाण पडली.
नव्या बशीत रेघ ओढली, तर तिथेही उगवला.
महिन्याभराने त्याची अक्षरं वाचून आली:
यंत्र परतलं नव्हतं.
रिळाच्याच घडणीत एक अक्षर चुकलं होतं,
दोरा आता त्यावर घट्ट बसत नव्हता,
आपला आपणच निसटत होता.

हे सांगायला घाईने घरी आले
तर कपाटाला दार नाही.
खालच्या युनूस सुताराला बोलावून
आईने बिजागऱ्या काढून घेतलेल्या,
जुन्या वॉयलचा पडदा लावलेला.
वॉकर धरून ती उभी होती.
"धूळ जाईल आता आत," म्हणाली. "जाऊ दे."

दार कुठाय, विचारलं.
पलंगाखाली.