चौऱ्याऐंशीची वही

येरेवान, त्र्याण्णवचा हिवाळा.
वीज दिवसाकाठी तासभर, तीही रात्री अडीचला.
आर्पेनिक तोरोस्यान प्रयोगशाळेत ओव्हरकोट घालूनच बसते,
शाई गोठते म्हणून पेन्सिलीनं लिहिते.

घरी पत्र्याची शेगडी.
आधी खुर्च्या गेल्या, मग वह्या:
अकरा वर्षांची पॉलिमरं,
जी कशातच विरघळली नाहीत,
फ्लास्कच्या बुडाशी राग धरून बसली.
नवरा म्हणाला, फसलेलीच आधी घाल.
घातली. बरी जळली.
चौऱ्याऐंशीच्या वहीवर तर चहा झाला.

मार्चात खिडकीच्या फळीवर
विसरलेली एक कुपी सापडली.
तांब्याचं ते जटिल संयुग, जन्मभर नुसता गाळ देणारं.
यंदा कुणी ढवळलं नाही, तापवलं नाही,
पंपाची थरथरही नाही.
थंडीनं एकटीनं बसून वाढवलेला
निळा, टोकदार,
तांदळाएवढा दाणा.

क्ष-किरणांना वीज कुठली?
ती कुपी आतल्या खिशात घालणार,
तोच हात थांबला.
अंगाची ऊब लागली तर विरघळेल.

पुन्हा फळीवर ठेवली.
कृती कुठल्या वहीत होती, ते
जिना उतरताना आठवलं.

चहात साखरसुद्धा नव्हती.