पाठवणी

शुक्रवारी साडेआठ ते साडेदहा
सोहारच्या त्या आवारातला मागचा हॉल मराठी असतो.
आधी तमिळ, नंतर मल्याळी.
पाळक रजेवर, नगरला, आईच्या मोतीबिंदूसाठी,
म्हणून शांतवनकाका भिंगारदिव्यांनी चिठ्ठी दिली:
पाठ तुझ्याकडे. मार्क, सहावा अध्याय. पाच मिनिटं.
मल्याळी मंडळी दारात चपला वाजवतात, माहीत आहे ना.

बाराजणांना तो दोघं दोघं करून धाडतो.
वाटेसाठी काही घेऊ नका म्हणतो,
भाकर नको, झोळी नको, कमरेला पैसा नको,
अंगरखा एकच. पायात वहाणा, हातात काठी.

मी हे वाचलं आणि विमानतळावरचा काटा आठवला.
परवानगी तीस किलो. आईने भरलेली पेटी चौतीस.
सगळ्यांसमोर फरशीवर उघडून बसलो आम्ही,
कुरडया निघाल्या, काळ्या मसाल्याचा डबा निघाला,
लोणचं तिने छातीशी धरून परत नेलं.
माझं लग्न झालं नाही. त्यामुळे
पाठवणी म्हणून जी काय झाली ती तीच.
कमरेला पैसा नव्हताच. तो एजंटाने आधीच
सोडवून घेतला होता, अगदी शास्त्राप्रमाणे.

चहाच्या वेळी वाद निघाला.
काका म्हणाले, मार्क काठी नेऊ देतो,
मत्तय तीही नको म्हणतो, मग खरं काय?
क्रेन चालवणारा उमाप म्हणाला,
त्यात काय, एका काउंटरवर सोडतात,
दुसऱ्यावर काढून घेतात.
हसलो सगळे. पण रात्री मला काठीच दिसत राहिली.

काठी म्हाताऱ्या मौझाची, बोरीच्या लाकडाची,
मुठीपाशी हाताच्या घामाने काळी पडलेली.
चार वर्षं मी त्या घरात आहे.
ज्या घरात जाल तिथेच राहा, निघेपर्यंत:
हे वाक्य मला कुणी समजवायला नको.
माझा पासपोर्ट थोरल्याच्या कपाटात राहतो.

ऊन उतरलं की आम्ही फलजाच्या कडेने जातो,
काठी तिच्या हातात, वहाणा माझ्या पायात,
ती आपली घरातल्या मऊ सपातांवरच.
दोघींची मिळून यादी पुरी होते.

रात्री तिचे गुडघे.
शिष्य आजाऱ्यांना तेल लावत, असंही तिथे आहे,
तेराव्या वचनात, घाईने वाचणाऱ्याला दिसत नाही.
तेलाच्या देशात आले आणि हाती आलं ते हे,
जैतुनाचं, वाटीत कोमट केलेलं.
ती तिचं बिस्मिल्ला म्हणते, मी माझं मनात.
उपदेशाचा एक शब्द मी इथे काढलेला नाही.
काढायचा नसतो, करारात आहे.
आणि करारात नसतं तरी
काय सांगितलं असतं, खरंच ठाऊक नाही.

एकदा तिने पान बघून विचारलं, मोडक्या हिंदीत,
काय लिहिलंय?
म्हटलं, बारा माणसांना कामाला पाठवलं, त्याची गोष्ट.
पगार?
नाही.
तिने चुकचुक केलं. मग म्हणाली,
आणि तुला कुणी पाठवलं?
मी म्हटलं, एजन्सीने.
ती हसली, कवळी काढून ठेवलेल्या तोंडाने,
आणि गुडघा दाबून दाखवला: इथे. अजून.

शुक्रवारी उभी राहिले तेव्हा
पाच मिनिटांचं काही जमलं नव्हतं.
काकांना हवं होतं मी धुळीवर बोलावं,
जे ऐकत नाहीत त्यांच्या दारात झटकायच्या, साक्ष म्हणून.
मी फक्त तिचा प्रश्न विचारला:
तुम्हाला कुणी पाठवलं?
उमापने खाली बघितलं.
पाटोळ्यांच्या बाईंनी पर्स उघडली, पुन्हा लावली.
बाहेर चपला वाजू लागल्या.

परतताना टॅक्सीने वळणावरच सोडलं.
वारा होता, वाळू उडत होती.
दाराशी वहाणा काढल्या, एकीवर एक आपटल्या,
धूळ झटकली,
आणि आत गेले.