तिसरी खेप

पात्रांव फोनवर हळूच म्हणाला,
"इनास, मागच्या रस्त्यानं ने, बाजारातून नको."
मागचा रस्ता खणलाय, त्याला कोण सांगणार.

बोरीच्या पुलावरून
दीड कोटींची गाडी
माझ्या क्रेनला मागून टांगलेली,
बॉनेटवरचं चांदीचं पाखरू
आल्या वाटेकडे बघत.

सेन्सर म्हणे. नखाएवढा.
बाकी इंजिन काय देखणं!
हात लावताना
आपल्याच ग्रिसची लाज वाटावी.

फोंड्याच्या तिठ्यावर
पावांची टोपली घेऊन पोदेर थांबला,
सायकलचा भोंपू दाबायचा विसरला.
पहिल्या खेपेला हसला होता.
आज हसला नाही.
"परत?" म्हणाला फक्त,
आणि वळला
बंगल्यांच्या गल्लीत,
दारोदार.