टेबलावर तर फिरली

व्हाइसच्या जबड्यात आधी नीट आवळून घे,
परकारचाचा पहिल्या दिवशी म्हणाले होते,
नाहीतर मोटर उडी मारते.
माझ्या अंगठ्यावर ती उडी अजून आहे.

चाचा आता बाणकोटला असतात. व्हाइस इथेच,
दारूखान्याच्या या गाळ्यात,
जिथे मोडलेल्या जहाजांचा गंजका वास
सकाळपासून दारात गिऱ्हाइकासारखा बसून असतो.

कुंदा भोईरच्या ऑम्नीचा स्टार्टर. तीन दिवस उघडा होता.
नखाएवढे उरलेले ब्रश,
कोळशाची पूड, बोटं अजून काळी,
आणि आधीच्या कुणा मेकॅनिकने बुशऐवजी गुंडाळलेला
कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा.
(तो मी ठेवून दिलाय. हसायला.)
कम्युटेटर लेथवर धरला, तांबं तांब्यासारखं दिसलं.
पट्ट्यांमधला अभ्रक मोडक्या हॅक्सॉ पात्याने खरवडला,
एकेक फट, दात कोरावेत तशी.
नवे बुश रात्रभर तेलात.

काळी वायर अंगाला.
लाल, जाड, मोठ्या बोल्टला.
उरली बारीक वायर.
टेकवली.
टक्.
पिनियन पुढे आलं, फिरलंही,
पण कण्हत. काटा पंच्याऐंशीवर.
रिकाम्या मोटरने एवढं खाऊ नये.

"झालं?" कुंदाताई स्टुलावरून.
मी फोन लावला, व्हाइसजवळ धरला,
पुन्हा टेकवली.
पलीकडे कोंबड्या, मग चाचा:
"मागचा टोपण तिरका बसलाय रे. खांदा मोकळा कर."
बोल्ट अर्धा फेरा सैल,
लाकडी हातोड्याचे दोन हलके ठोके,
पुन्हा आवळले.

या वेळी ती गायली असं मी म्हणणार नाही,
मोटर गात नाही.
एकसारखी घरघर,
टेबलावरचे वॉशर थरथरत कडेला निघालेले,
ठिणगी नावापुरती,
काटा पन्नासपाशी येऊन थांबला.
वायर उचलली, पिनियन मुकाट आत.
दोन सेकंदांचं काम, मग बाजूला व्हायचं.

"आता चालेल ना हो?"
टेबलावर तर फिरली, मी म्हणालो.
याहून जास्त मी कुणालाच सांगत नाही.
इथे तिला ओढायला काही नसतं.
खरं काय ते इंजिनाच्या दातांना भिडल्यावर.

संध्याकाळी बसवून दिली, एका चावीत लागली,
तरी दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी
डॉकयार्ड रोडच्या त्या गल्लीत पाव घ्यायला गेलो.
आमच्या गल्लीतही पाव मिळतो.

आठवडाभर ढकलून सवय झालेली सात पोरं
दप्तरं आत टाकून, न सांगता
मागे जाऊन उभी, तळवे पत्र्यावर.
कुंदाताईने चावी फिरवली.
व्हॅन लागली.

तळवे तसेच, व्हॅन हातभर पुढे.
एक दोन वेण्यांची पोर चिडून ओरडली,
"ओ ताई, थांबा ना,
आम्ही अजून ढकललंच नाही!"