रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत

पहिल्याच तासाला येमूल मॅडमनी फळ्यावर एवढंच लिहिलं:
'तक्रार – रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत.'
सोपंय, म्हणालो आम्ही.

सिव्हिल, वॉर्ड सहा, खाट अकरा.
नरसूबाई म्याकल, राहणार विडी घरकुल.
ती तेलुगूत बोलली, सुनेनं मराठीत आणलं,
मी इंग्रजीत उतरवलं:
खोकला, तीन महिने.
बोलली होती ती चांगली पाच मिनिटं.
मधे कुठंतरी बरंच सांडलं.

मॅडमनी कागद परत दिला.
"हात बघितलेस?"
बघितले होते. नाडी, नखं, सूज, निळेपणा.
"ते नाही रे. हात."

संध्याकाळी पुन्हा गेलो, स्टेथोस्कोप खिशात.
नरसूबाई झोपेत,
आणि बोटं चादरीची कड
गुंडाळतायत, टोक मुडपतायत,
सोडतायत, पुन्हा धरतायत.
हजार भरल्याशिवाय उठायचं नसतं, त्यांना माहीत.

"कालपासून मोजतायत," सून म्हणाली.
कुठवर आल्या?
तिनं सासूच्या ओठांशी कान नेला.
"सहाशे चाळीस."

खोकल्याच्या खाली मी आकडा लिहिला.
पुढं एकक काय घालायचं, कळेना.