घड्याळाखालची कातडी

डॉक्टर लांजेवारांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं:
साबण बंद. कढत पाणी बंद. घासणं बंद.
शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले,
जरीपटका, इंदोरा, पुढे नारी रोड.
मे महिन्यात लोखंडी फाटकाची कडी
ओढणीच्या टोकानं धरायची, नाहीतर बोटाला फोड.
घरी आलं की घासायचं.
बेसन, संत्र्याची वाळकी सालं,
कधी नुसती नारळाची शेंडी.
धूळ निघाली की वाटायचं, थोडा रंगही निघेल.
लग्नाचं बघत होते तेव्हा.

बत्तिसाव्या वर्षी गालांवर वांग आले.
सीताबर्डीहून एक ट्यूब आणली, पर्समध्ये खाली दडवून.
आठ दिवस गोरं केलं तिनं,
नवव्या दिवशी सोललं.
मग कितीतरी वर्षं काहीच लावलं नाही.
रागानं.

पाळी थांबली
आणि कातडीनं पाणी धरणं सोडलं.
डिसेंबरात पोटऱ्यांवर खवले.
ऑफिसातली मालू बोकडे म्हणाली,
"काहून वो, मगर पाळली का पायात?"
जवसाचं तेल चोळलं.
अंथरुणाला महिनाभर वास.

आता त्रेसष्ट.
पाणी कोमट. टॉवेल टेकवायचा, ओढायचा नाही.
अंग ओलं आहे तोवर बिनवासाचं मलम.
गच्चीवर कपडे वाळत घालायला जातानाही
सनस्क्रीन, मानेला, कानाच्या पाळ्यांना,
ज्यांची मी कधी दखलच घेतली नव्हती.
हाताची कातडी चिमटीत धरून सोडली
तर जागेवर जायची घाई करत नाही.
बिलाच्या तिसऱ्या कार्बन प्रतीसारखी,
फिकट,
पण आकडा वाचता येतो.

पाठीच्या मधोमध हात पोचत नाही.
उलथण्याला मऊ फडकं बांधून लावते.
हसू येतं. येऊ देते.

निवृत्तीच्या दिवशी घड्याळ काढलं, ते काढलंच.
डाव्या मनगटावर एक पट्टा राहिलाय,
दोन बोटं रुंद, गव्हाळ,
नागपूरचं एकही ऊन न पाहिलेला.
वाटलं होतं, वर्षभरात मिसळून जाईल बाकीच्या हातात.
पाच वर्षं झाली.

रात्री मलम लावताना त्या पट्ट्यापाशी थांबते.
त्याला खरं तर इतकी गरज नाही.
तरी एक बोट फिरवते वरून,
न घासता,
आणि उरलेलं
कोपराला पुसते.