एकेचाळीस ठिकाणी

साक्रीच्या स्टँडमागे माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रबंध टायपिंग,
पानाला बारा रुपये, दुरुस्तीचे वेगळे.
आजोबा गावोगाव कापूस पिंजत फिरायचे.
मी दुसऱ्यांची वाक्यं सरळ करतो.
पिंजारी आता आडनावापुरतं.

बेडसे मॅडम पहिल्यांदा आल्या
त्या पांझरेवरच्या बंधाऱ्याच्या पाटीशी भांडून.
पाटीवर राजाचं नाव, निळ्या ऑइलपेंटात,
दर निवडणुकीआधी नव्याने गिरवलेलं.
'रईस, हे नाव पाटीआधी कुठेच नाही.
दप्तरात नाही, दगडावर नाही.
पाटीला पुरावा काय, तर पाटी.'

मग पहिलं प्रकरण टाइप केलं:
दगड कुणी काढला, चुना कुणी मळला,
गाळ उपसायला घरटी एक माणूस कसा निघे,
पाटकऱ्याला धान्य किती.
राजा आठव्या पानावर तळटीप झाला.

फोन आले. कव्हरपानावर नंबर दुकानाचा होता.
एकाने विचारलं, मॅडम कुठल्या पक्षाच्या?
एक गुरुजी म्हणाले,
पस्तीस वर्षं चौथीला शिकवलं ते,
मग मी काय शिकवलं?
आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिला.
त्यांचा नंबर मी अजून पुसलेला नाही.

राजा गेला, त्या जागी लोक आले.
प्रबंध देखणा दिसू लागला.
फडाचं पाणी सर्वांना समान मिळे.
सर्व मिळून निर्णय घेत.
सर्वांची पाळी ठरलेली असे.
गाईडसरांनी समासात लिहिलं: उत्तम! हीच आपली लोकशाही.
मी बाइंडिंगचा रंगसुद्धा विचारून घेतला. मरून.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मॅडम आल्या
चपलांना पाटाचा चिखल घेऊन.
चहा निवला तरी बोलेनात.
मग म्हणाल्या, भिवराबाई भेटली,
शेवटच्या चारीवरची, नव्वदीतली.
तिला प्रबंध वाचून दाखवला, अहिराणीत करून.
ती हसली म्हणे:
'सर्वासले भेटे, खरं शे माय.
पन सर्वा कोन, हाई तू कोले इचारं?
आम्हनी पाळी रातनी.
ती बी, वरला उसनं पोट भरनं ते.'

मी म्हटलं, त्यात काय मॅडम,
शोधा आणि बदला, एक क्लिक.
संगणकाने 'सर्वेक्षण'सुद्धा पकडलं तीनदा,
ते वगळून 'सर्व', एकेचाळीस ठिकाणी.
काय घालू? काही? बहुतेक?
'एकच शब्द नको सगळीकडे.
ती पुन्हा पाटीच होईल.
प्रत्येक ठिकाणी थांब. इथे कोण, ते बघू.'

थांबलो.
लाइट गेली, इन्व्हर्टर कुंथू लागला,
समोरच्या पानवाल्याने शटर ओढलं.
अकराव्या ठिकाणी होतं, 'सर्व घरे गाळ उपसत'.
मॅडमनी वही उघडली, जुन्या दप्तरातून उतरवलेली,
आणि घरं वाचत गेल्या:
कुणब्यांची बावीस, माळ्यांची सहा,
भिलांची चौदा, जमीन नाही, पाणी नाही,
महारांची अकरा, पाणी रात्रीचं,
पिंजाऱ्यांची दोन, जमीन नाही, पाणी नाही,
उपसणीला हजर.

आजोबांच्या गोष्टींत धनुकलीचा टणत्कार होता,
गाद्या होत्या, बोरकुंडच्या कुणा पाटलाची गाय होती,
चिखल कधीच नव्हता.
त्यांनी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो.
कोले इचारं?

'टाइप कर ना,' मॅडम म्हणाल्या.
केलं.

दुरुस्तीचे पैसे मी चाळीस ठिकाणांचे घेतले.

बंधाऱ्यावर पाटी आहे तशीच आहे,
निळा रंग मागच्या महिन्यात पुन्हा चढला.
आणि प्रबंधात, सव्विसाव्या ठिकाणी,
'____ निर्णय घेत'.
तिथे कोण बसायचं, ना दप्तरात, ना कुणाच्या तोंडी.
मॅडमनी जागा कोरीच छापायला लावली.
बाहेरच्या परीक्षकांनी तिच्याभोवती
पेन्सिलीने गोल केला, आणि बाजूला लिहिलं:
टायपिंगची चूक?